प्रत्येक ऊतीचे रायबोसोम वेगळे? तालुक्याच्या कॉलेजात बसून हा प्रकल्प असा करा

बी.एस्सी.च्या प्रकल्पाचे आपल्याकडचे विषय ठरलेले आहेत: गावतळ्याचं पाणी, गांडूळखत, कपाशीवरची बोंडअळी. विषय वाईट नाहीत. पण झूलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घेतलेल्या एखाद्या पोरीला पेशीच्या आतलं काही करायचं असलं की "आपल्याकडे लॅब कुठं आहे?" या एका वाक्यावर गाडी अडते. पांढरकवडा असो, आरमोरी असो की धारणी, पुढचं काम एवढ्या सामानात होतं: विभागातला साधा मायक्रोस्कोप, कपाटातल्या जुन्या कायमस्वरूपी स्लाइड, इंटरनेटचा मोबाइल आणि एक्सेल चालेल असा एखादा संगणक. लाइट जाणारच, म्हणून जे पान उघडाल ते लगेच पीडीएफ करून ठेवायचं.

विषय असा. बेरारी शेळीच्या यकृतात अल्ब्युमिन तयार होतं, कासेत केसीन, मांडीच्या स्नायूत मायोसिन. तिन्हीकडे डीएनए तोच. मग प्रथिनं बनवणारे रायबोसोम तरी तिन्हीकडे एकसारखे असतात, की ऊतीगणिक त्यांची घडणच बदलते? 'स्पेशलाइज्ड रायबोसोम' या नावाने गेली पंधरा-वीस वर्षं हा वाद चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे चांगलंच, कारण उत्तर गाइडमध्ये छापलेलं सापडत नाही.

पहिली पायरी: प्रश्नाचे तीन तुकडे करा

या पायरीवर घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. गावातल्या गिरणीचं उदाहरण घ्या. दोन गावांतून वेगवेगळं पीठ आलं तर कारणं तीन असू शकतात. एका गावात ज्वारी टाकली, दुसऱ्यात गहू. किंवा एका गावात गिरण्या चार आणि दुसऱ्यात एकच, त्यामुळे घाईच्या दिवशी काहींचं दळण राहूनच गेलं. किंवा खरोखरच जात्याचा दगड वेगळा आहे.

पेशीत दाणा म्हणजे एमआरएनए (प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएवरून उतरवलेली नक्कल), गिरण्यांची संख्या म्हणजे रायबोसोमची संख्या आणि दगड म्हणजे रायबोसोमची घडण. 'स्पेशलाइज्ड' हा शब्द फक्त तिसऱ्या कारणासाठी वापरायचा. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन प्रश्न लिहा आणि पुढे मिळणारा प्रत्येक पुरावा त्यांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो ते समोर मांडत जा. प्रकल्पाचा निम्मा कस इथेच लागतो.

मागचा इतिहास पाऊण पानात आटपा, पण तो हवाच. १९५५ मध्ये जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे कण दाखवले. त्या दशकात अनेकांना वाटायचं की प्रत्येक प्रथिनाचा रायबोसोम वेगळा असावा. १९६१ मध्ये ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी विषाणू शिरलेल्या जिवाणूत पाहिलं, तर नवा आरएनए जिवाणूच्या जुन्याच रायबोसोमवर जाऊन बसत होता. त्यानंतर रायबोसोम म्हणजे येईल ते वाचणारं यंत्र, हे मत पक्कं झालं. १९७१ मध्ये गर्डन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या हिमोग्लोबिनचा एमआरएनए बेडकाच्या अंड्यात टोचला आणि बेडकाच्या रायबोसोमने सशाचं ग्लोबिन बनवून दिलं. हा प्रयोग विद्यार्थ्यांना सांगितला की वर्ग दोन मिनिटं शांत होतो. परीक्षकही होतात.

दुसरी पायरी: सुट्या भागांची यादी

सस्तन प्राण्याचा रायबोसोम ८०एस असतो ('एस' म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने खाली बसतो त्याचं एकक). त्याचा लहान भाग ४०एस, त्यात १८एस आरएनए आणि ३३ प्रथिनं. मोठा भाग ६०एस, त्यात २८एस, ५.८एस, ५एस हे आरएनए आणि ४७ प्रथिनं. एकूण ८० प्रथिनं. लहान भागातल्या प्रथिनांची नावं 'आरपीएस'ने सुरू होतात, मोठ्यातली 'आरपीएल'ने.

या ८० पैकी काहींना जोडीदार जनुक आहे, म्हणजे जवळपास तसंच प्रथिन बनवणारं दुसरं जनुक. तुमचा प्रकल्प याच जोड्यांवर उभा करा: आरपीएल३ आणि आरपीएल३एल, आरपीएल१० आणि आरपीएल१०एल, आरपीएल३९ आणि आरपीएल३९एल, आरपीएल२२ आणि आरपीएल२२एल१, आरपीएस२७ आणि आरपीएस२७एल, आरपीएस४एक्स आणि आरपीएस४वाय१. शोधताना ही नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

यादी करताना पोरं हमखास तीन ठिकाणी फसतात. 'एमआरपीएल' आणि 'एमआरपीएस' ही मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमची प्रथिनं आहेत, ती इथे घेऊ नका. 'आरपीएस६के'ने सुरू होणारी नावं किनेझ एन्झाइमांची आहेत, रायबोसोमच्या भागांची नाहीत. आणि नावाच्या शेवटी 'पी' व आकडा आला तर बहुतेकदा ते निकामी जनुक असतं. मानवी जीनोममध्ये रायबोसोमच्या प्रथिनांची अशी निकामी जनुकं सुमारे दोन हजार आहेत, म्हणून शोधयादी लांबलचक दिसली तर दचकू नका.

तिसरी पायरी: मायक्रोस्कोपखाली संख्या पाहा

कपाटातली सस्तन प्राण्याच्या स्वादुपिंडाची स्लाइड काढा. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेली असेल तर पाचकरस बनवणाऱ्या पेशींचा तळाकडचा भाग निळसर-जांभळा दिसेल आणि पोकळीकडचा गुलाबी. तो निळसरपणा केंद्रकाचा नाही, खडबडीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर दाटीने बसलेल्या रायबोसोमच्या आरएनएचा आहे. आता कंकाल स्नायूची स्लाइड लावा. जवळपास सगळी गुलाबी. एकाच भिंगातून दोन्ही स्लाइडचे मोबाइलने फोटो काढा, शेजारी-शेजारी चिकटवा. दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे संख्येचा, हा तुमचा स्वतःचा पुरावा. घडणीबद्दल तो काहीच सांगत नाही, हे फोटोखाली स्पष्ट लिहा.

याहून चांगलं दृश्य ग्रामीण रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत मिळतं: रेटिक्युलोसाइट. अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली लाल पेशी. केंद्रक गेलेलं असतं, पण उरलेले रायबोसोम अजून आत असतात आणि साधारण एका दिवसात तेही नाहीसे होतात. न्यू मिथिलीन ब्लू रंगाने दिसणारी तिच्यातली निळी जाळी म्हणजे एकत्र गोळा झालेला तोच रायबोसोमचा आरएनए. स्वतः रक्त काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका, वर्गमित्राचंही नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, तंत्रज्ञ ताई-दादांनी तपासणीसाठी केलेली स्लाइड त्यांच्यासमोर बसून पाहा आणि रुग्णाचं नाव किंवा नंबर वहीत उतरवू नका.

पद्धत समजून घ्या, व्हायव्हात विचारतात. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त आणि गाळलेला रंग समप्रमाणात घेऊन ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवतात, मग हलवून पातळ स्मिअर ओढतात आणि हवेत सुकवतात. आधी मिथेनॉलने स्थिर करत नाहीत, कारण रंग जिवंत पेशीतच जाळी तयार करतो. ऑइल इमर्शन भिंगाखाली १००० लाल पेशी मोजायच्या आणि त्यांत निळे कण असलेल्या किती ते लिहायचं. प्रौढ माणसात हे प्रमाण साधारण ०.५ ते २.५ टक्के असतं. रंग गाळला नसेल तर त्याचा गाळ पेशीवर बसून हुबेहूब जाळीसारखा दिसतो. फोकस वरखाली केला की तो पेशीच्या वरच्या पातळीवर असल्याचं कळतं. मे महिन्यात चंद्रपूरकडे खोलीच ३७ च्या वर असते, तरी वॉटर बाथ टाळू नका, तापमान स्थिर हवं.

या पेशीचा मुद्दा इतका ताणतो आहे त्याला कारण आहे. रेटिक्युलोसाइट बनवते त्या प्रथिनांतलं ९० टक्क्यांहून जास्त ग्लोबिन असतं. याहून 'स्पेशल' पेशी शोधून सापडणार नाही. तिचे रायबोसोमही खास ग्लोबिनचेच असतील असं कुणालाही वाटेल. पण १९७६ पासून जगभरच्या लॅबा सशाच्या रेटिक्युलोसाइटचा अर्क वापरताहेत तो नेमका उलट कारणासाठी: त्यातला मूळ एमआरएनए काढून टाकला आणि दुसरा कोणताही घातला, अगदी तंबाखूच्या विषाणूचासुद्धा, तरी तो वाचला जातो. ऊतीचं प्रथिन खास असणं हा रायबोसोम खास असल्याचा पुरावा होत नाही. तुमच्या अहवालात हे वाक्य कुठे तरी आलंच पाहिजे.

चौथी पायरी: ह्यूमन प्रोटीन अॅटलास

ही वेबसाइट मोफत आहे, लॉगिन लागत नाही. आधी अल्ब्युमिन, इन्सुलिन आणि बीटा ग्लोबिनची जनुकं शोधा आणि ऊतींचा आरएनए आलेख पाहा. प्रत्येकात एखादाच खांब उंच, बाकी जमिनीला टेकलेले. म्हणजे ऊतीगणिक प्रथिन वेगळं असण्याचं मोठं कारण पहिल्याच प्रश्नात मिळालं: दाणाच वेगळा.

आता दुसऱ्या पायरीतल्या जोड्या एकेक करून शोधा. आरपीएल३ चे खांब सगळीकडे दिसतील. आरपीएल३एल कंकाल स्नायू आणि हृदयात उठून दिसेल (जिभेचा खांबही वर असला तर गोंधळू नका, जीभ म्हणजे स्नायूच). आरपीएल१०एल वृषणात. एक्सेलमध्ये ऊतींची नावं उभ्या रकान्यात आणि जनुकं आडवी मांडून आकडे भरा. आकड्यांचं एकक 'एनटीपीएम' (दर दहा लाख आरएनएंमागे त्या जनुकाचे किती, हा समतोल केलेला आकडा) आहे, ते शीर्षकात लिहा. साइट एखाद्या जनुकाला 'टिश्यू एनरिच्ड' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ त्या ऊतीतली पातळी इतर कोणत्याही ऊतीपेक्षा निदान चौपट, एवढाच. ती फक्त वर्गवारी आहे, त्यात कार्यकारणाचा दावा नाही.

तेच आकडे जीटेक्स पोर्टलवर (मानवी ऊतींच्या आरएनएचा दुसरा डेटाबेस) पडताळा; आठव्या आवृत्तीत ५४ प्रकारचे नमुने आहेत. इथे आरपीएस४वाय१ मुद्दाम पाहा. अंडाशय आणि गर्भाशयात शून्य दिसेल आणि पोरं लगेच लिहितात, 'स्त्री जननेंद्रियांत हा रायबोसोम नसतो.' अरे बाप्पा, ते जनुक वाय गुणसूत्रावर आहे! बाईच्या यकृतातही ते नसणारच. यकृताच्या नमुन्यांत पुरुष-स्त्रिया दोन्ही असल्यामुळे ते झाकलं जातं, गर्भाशयात झाकायला पुरुष नाही. फरक ऊतीचा नसून नमुना देणाऱ्याच्या लिंगाचा आहे. प्रत्येक आकड्यामागे नमुना कुणाचा, हे विचारायची सवय इथून लागते.

आणखी एक. ऊतीचा तुकडा म्हणजे एकाच जातीच्या पेशी नव्हेत. वृषणाच्या तुकड्यात शुक्रपेशी बनण्याच्या सगळ्या अवस्था आणि आधारपेशी एकत्र असतात, म्हणून अॅटलासमधलं एकेका पेशीचं पानही उघडा.

पाचवी पायरी: एमआरएनए आहे, पण रायबोसोममध्ये आहे का?

इथे बरेच प्रकल्प संपतात, खरं तर इथून सुरू व्हायला हवेत. जनुकाचा एमआरएनए दिसला म्हणून त्याचं प्रथिन बनलंच असं नाही. बनलं तरी ते रायबोसोममध्ये बसलंच असं नाही. शोधनिबंधात त्यासाठी पॉलीसोमचा आलेख शोधा. पेशींचा अर्क साखरेच्या १० ते ५० टक्के घनतेच्या थरांवर अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेला असतो. डावीकडून ४०एस, ६०एस, मग ८०एसचा उंच सुळका आणि त्यापुढे पॉलीसोमच्या लाटा, म्हणजे एका एमआरएनएवर दोन, तीन, चार रायबोसोम. तुमचं प्रथिन त्या लाटांच्या भागात सापडलं असेल तर ते कामावरच्या रायबोसोममध्ये आहे, असं म्हणायला आधार मिळतो.

मोजमापाचं चांगलं उदाहरण २०१७ चं आहे. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींच्या पॉलीसोममध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून प्रथिनं ओळखण्याची पद्धत) १५ प्रथिनं मोजली, तेव्हा आरपीएल१०ए, आरपीएल३८, आरपीएस७ आणि आरपीएस२५ ही चार काही रायबोसोममध्ये नव्हतीच असं दिसलं. घडणीत फरक असतो, हे इथे कळलं. त्या फरकामुळे काम बदलतं का, हा वेगळा प्रश्न.

सहावी पायरी: अनुवादाची (एमआरएनए वाचून प्रथिन बनण्याची) कार्यक्षमता काढा

२००९ मध्ये इंगोलिया आणि वाइसमन यांच्या गटाने रायबोसोम प्रोफाइलिंगची पद्धत दिली. रायबोसोमने झाकलेला साधारण २८ ते ३० अक्षरांचा एमआरएनएचा तुकडा एन्झाइमपासून बचावतो, तो वाचायचा. कुठल्या एमआरएनएवर किती रायबोसोम बसले होते ते त्यातून कळतं. २०१९ मध्ये मानवी हृदयाच्या ८० नमुन्यांवर असं काम झालं आहे, त्याच्या पुरवणी तक्त्यांपासून सुरुवात करा. या तुकड्यांच्या पाऊलखुणा डोळ्यांनी पाहायच्या तर आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठाचा जीडब्ल्यूआयपीएस-विझ ब्राउझर मोबाइलवरही उघडतो, फक्त धीर धरा.

हिशेब सोपा: रायबोसोमखालच्या तुकड्यांची संख्या भागिले त्याच जनुकाच्या एमआरएनएची संख्या. समजा एका जनुकाचे हृदयात तुकडे १०० आणि एमआरएनए २००, तर कार्यक्षमता ०.५. स्नायूत तुकडे ५० आणि एमआरएनए ५०, तर १. नुसते तुकडे पाहिले तर हृदय पुढे वाटतं, भागाकार केला की स्नायू. दोन्ही आकडे आधी एकाच एककात आणलेले असावेत, आणि ज्या जनुकाचा एमआरएनए अगदी कमी आहे ते वगळा, नाहीतर लहान आकड्याने भागून भलतंच उत्तर येतं. गुणोत्तराचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम काढला की आलेख नीट दिसतो.

सातवी पायरी: प्रसिद्ध दावे तीन प्रश्नांच्या चाळणीत टाका

सगळ्यात गाजलेला दावा २०११ चा, मारिया बार्ना यांच्या गटाचा. 'टेल शॉर्ट' जातीच्या उंदरात आरपीएल३८ ची एक प्रत बिघडलेली असते. शेपूट आखूड, वाकडी, मणक्या-बरगड्यांची रचना चुकलेली. एकूण प्रथिननिर्मिती घटलेली दिसली नाही, पण होक्स कुळातल्या (शरीराचा कोणता भाग कुठे घडायचा ते ठरवणाऱ्या) काही जनुकांचा अनुवाद घटला. घडणीच्या बाजूचा पुरावा म्हणून तो जोरदार होता. पुढे त्या होक्स एमआरएनएच्या सुरुवातीच्या भागात रायबोसोमला खेचणारा खास तुकडा असल्याचं स्पष्टीकरण आलं. २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की त्यांतल्या काही जनुकांच्या सुरुवातीच्या भागाची डेटाबेसमधली नोंदच चुकीची होती. उंदराची शेपूट त्यामुळे सरळ होत नाही. स्पष्टीकरण डळमळलं, निरीक्षण उरलं. अहवालात या दोन गोष्टी दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा.

आरपीएल१०एल चं प्रकरण त्याहून मजेदार आहे. आरपीएल१० एक्स गुणसूत्रावर असतं आणि अर्धसूत्री विभाजनात नराच्या पेशीत एक्स गुणसूत्र गप्प केलं जातं. तेव्हा दुसऱ्या गुणसूत्रावरचं आरपीएल१०एल काम सांभाळतं. २०१७ मध्ये ते काढलेल्या वांझ नर उंदरांना साधं आरपीएल१० च वेगळ्या मार्गाने पुरवलं, तर प्रजनन सुधारलं. म्हणजे ऊती खास, पण रायबोसोमचं काम बहुधा तेच. उलट आरपीएल३९एल बद्दल २०२२ मध्ये उंदरांवर असं दिसलं की नवं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडतं तोच वेगळा होतो आणि शुक्रपेशींच्या प्रथिनांची घडी नीट बसायला तो लागतो. माझ्या मते आज घडणीचा सर्वांत ठोस दावा हाच. आरपीएल३एल च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर लहान मुलांत हृदयाच्या स्नायूचा गंभीर आजार होतो, हे नक्की. पण उंदरात ते काढलं की आरपीएल३ वाढून त्याची जागा घेतं, आणि परिणाम किती यावर गटांचं एकमत नाही.

आठवी पायरी: आजार, आणि सिकलसेलचा घोळ

आपल्या भागात हा प्रश्न येणारच, कारण वर्गातल्या कित्येकांची शाळेतच सोल्युबिलिटी टेस्ट झालेली असते. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं लक्ष्य ठेवलं आहे. पण सिकलसेल हा रायबोसोमचा आजार नाही. बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी डीएनएत जीएजीऐवजी जीटीजी ही अक्षरं आली, रायबोसोमने ते इमानेइतबारे वाचलं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसवलं. लाल पेशी लवकर फुटतात, मज्जा घाईने नव्या सोडते, म्हणून रेटिक्युलोसाइट वाढलेल्या दिसतात.

डायमंड-ब्लॅकफॅन अॅनिमियात (मज्जेत लाल पेशीच नीट न बनण्याचा जन्मजात आजार) नेमकं उलट, रेटिक्युलोसाइट फारच कमी. १९९९ मध्ये त्याचं पहिलं जनुक सापडलं, आरपीएस१९. सुमारे चौथाई रुग्णांत तेच बिघडलेलं असतं. प्रत्येक पेशीत असलेलं प्रथिन बिघडलं तरी मार मुख्यतः लाल पेशींनाच का? २०१८ च्या अभ्यासात या पेशींत रायबोसोमची घडण बदललेली दिसली नाही, संख्या घटलेली दिसली, आणि लाल पेशी घडवणाऱ्या गाटा१ चा अनुवाद मागे पडला. थोडक्यात, दुसरा प्रश्न. दुसरीकडे आरपीएसए ची एक प्रत बिघडलेली काही मुलं प्लीहेविना जन्मतात, हेही २०१३ मध्ये कळलं. त्यामागे संख्या की घडण, यावर पानभर स्वतंत्र चर्चा लिहा.

अहवाल

प्रत्येक स्क्रीनशॉटखाली साइट, आवृत्ती आणि उघडल्याची तारीख लिहा. डेटाबेस बदलत राहतात आणि परीक्षकांच्या मोबाइलवर वेगळा आकडा आला तर बचाव हवा. शीर्षकात 'शोध' किंवा 'सिद्धता' नको. 'आरपीएल३एल च्या ऊतीनिहाय अभिव्यक्तीचा उपलब्ध माहितीवरून आढावा' असं साधं ठेवा. शेवटी एक तक्ता: डावीकडे दावा, उजवीकडे दाणा, संख्या, घडण असे तीन रकाने, आणि पुरावा जिथे नाही तिथे रकाना रिकामा. व्हायव्हात "हे प्रथिन रायबोसोममध्येच आहे कशावरून?" असं विचारलं की बोलत बसू नका, पॉलीसोमच्या आलेखाचं पान उघडून लाटेवर बोट ठेवा.